राणीचं उलटं वस्त्र

अथेन्स, ४ मार्च

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न फोडताच फळीवर ठेवून दिलंस तर मला नवल वाटणार नाही. चार वर्षं मी सणावारी कार्डं पाठवते आहे आणि त्यांत शुभेच्छांखेरीज काही नसतं. या पत्रात आहे. पहिलं पान तरी वाच.

राणीचं नाटक पुन्हा होणार आहे. ज्याच्यावरून तू माझ्याशी बोलणं टाकलंस, तेच. ऑगस्टमध्ये एपिदाव्रोसच्या दगडी थिएटरात दोन प्रयोग आणि मग सप्टेंबरअखेरपर्यंत गावोगावची जुनी थिएटरं. पोशाखांचं काम माझ्याकडेच आलं आहे. मागचे पोशाख गोदामात कसरीने खाल्ले, त्यामुळे सगळं पहिल्यापासून विणायचं, रंगवायचं आणि बेतायचं आहे.

शेवटच्या भागात राणीच्या मुलाचं प्रेत आणतात. ती वाड्याच्या दारातून बाहेर येते तेव्हा तिचं वस्त्र उलटं असतं. विणीची मागची बाजू वर, नक्षीचे सुटे धागे लोंबताहेत. त्या वस्त्राबद्दल वर्तमानपत्रांत लिहून आलं, मला बक्षीस मिळालं, विद्यापीठात व्याख्यानाला बोलावलं. ते मी कुठून घेतलं हे तुला सांगायला नको. तरी लिहिते, कारण कागदावर ते मी आजवर कधी लिहिलं नाही.

तुझ्या स्ट्रातिसच्या मातीच्या दिवशी तू तुझा निळा घरातला झगा उलटा घालून अंगणात उभी होतीस. शिवणी बाहेर, खिशाची पांढरी पिशवी कमरेवर लोंबत होती. सगळ्या बायका काळ्यात होत्या. त्यांनी तुझ्यासाठीही काळे कपडे आणले होते आणि तू हात लावू देत नव्हतीस. त्या आपापसांत कुजबुजायला लागल्या तेव्हा मीच पुढे होऊन म्हटलं, "आमच्या आजीकडची रीत आहे. समुद्रापलीकडच्या तिच्या गावी लेकरू गेलं की आई कपडे उलटे घालायची." बायका गप्प झाल्या. एकदोघींनी क्रुसाची खूण केली.

पाच वर्षांनी तेच मी राणीला घातलं आणि नाटकाच्या पुस्तिकेत आजीच्या नावानिशी त्या रितीबद्दल एक पान लिहिलं. तुला विचारलं नाही. विचारायला हवं होतं हे तेव्हा लक्षात आलं नाही, असं मी स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. लक्षात आलं होतं. तू नाही म्हणशील अशी भीती होती.

तू फोनवर जे म्हणालीस ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "त्या दिवशी मला मिठी मारलीस तेव्हा तू मला सावरत होतीस की माझं माप घेत होतीस?" मी काहीतरी पुटपुटले. तू फोन ठेवलास.

या वेळी विचारते आहे. राणीचं वस्त्र उलटं करू का? विणकर जूनच्या मध्यापर्यंत थांबायला तयार आहे. त्यानंतर ताणा लावावाच लागेल, आणि उलट्या बाजूसाठी धागे वेगळे सोडावे लागतात. तू नाही म्हणालीस तर सुलटं. तुझं उत्तर आलंच नाही तरी सुलटं.

आन्थी


अथेन्स, ईस्टरच्या आधीचा गुरुवार

ताई,

उत्तर आलं नाही. मी ठरवल्याप्रमाणे ते 'नाही' असं धरायला हवं, पण जून अजून दूर आहे, म्हणून लिहिते.

आज कामाला सुट्टी होती, तरी मेल्पोबाई आल्या. त्या माझ्याकडे कापड बेततात. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं त्यांनी राजे, दूत आणि प्रेतं यांना कपडे घातले आहेत. मंजिष्ठेच्या रंगाची कढई अजून गरम होती, तर बाईंनी त्यातच ईस्टरची अंडी सोडली. मी म्हटलं, "अहो, त्यात तुरटी आहे, खायची कशी?" तर म्हणाल्या, "खायची कुणाला आहेत? माझ्या सुनेकडे पाठवणार आहे." मग माझा चेहरा बघून, "थट्टा केली गं. दारात ठेवायचीत."

परवा दिग्दर्शक येऊन गेले. मी त्यांना सांगितलं की राणीचं वस्त्र कदाचित सुलटं राहील.

"सुलटं? अहो, लोक तेच तर बघायला येणार आहेत. पोस्टरवर तेच आहे."

"बहिणीला विचारलं आहे. तिचं उत्तर यायचं आहे."

"बहीण काय निर्माती आहे आपली?"

मेल्पोबाई कात्री खाली न ठेवता म्हणाल्या, "निर्माते दर वर्षी बदलतात, साहेब. बहीण कुठून बदलून आणणार?"

ते हसले, पण जाताना दारात मला म्हणाले, की तुम्हाला जमत नसेल तर वेळेवर सांगा, दुसरं कुणी बघता येईल. हे तुझ्यावर दडपण आणायला लिहीत नाही. लिहू नये असंही वाटलं. मग वाटलं, लपवायची सवयच तर मोडायची आहे.

म्हणून आणखी एक. मुलाखतींमध्ये मी सांगत आले की ते वस्त्र मला काही वर्षांनंतर 'आठवणीतून सुचलं'. तसं नाही. स्ट्रातिसला पुरून आल्यावर सगळे तुझ्या स्वयंपाकघरात कॉफी पीत होते, तेव्हा मी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावली आणि तुझं चित्र काढलं. पर्समधल्या वहीत, पेन्सिलीने. नळ सोडून ठेवला होता, बाहेरच्यांना वाटावं मी रडते आहे. रडतही होते. पण हात नीट चालत होता. खिशाची पिशवी, काखेजवळची शिवण, सगळं काढलं. दहा-बारा मिनिटं लागली असतील. मग तोंड धुऊन बाहेर आले आणि तुझ्याशेजारी बसले, आणि तू माझ्या मांडीवर हात ठेवलास.

म्हणजे तू विचारलंस ते बरोबर होतं. मी सावरतही होते आणि मापही घेत होते. यातलं एकच खरं असतं तर मला सोपं गेलं असतं.

ती वही माझ्याकडे आहे. तू म्हणशील तर जाळते.

बाबांनी तुझं नाव 'थांब' अशा अर्थाचं ठेवलं होतं, मुली व्हायच्या थांबाव्यात म्हणून. मी ऐकलं नाही आणि जन्माला आले. तेव्हापासून तू मला 'पुरे' म्हणतेस आणि मी थांबत नाही, हे काही नवं नाही.

आन्थी


अथेन्स, १४ मे

ताई,

तुझ्या शेजारच्या मिर्सिनीकाकूंचा फोन आला होता. ऑलिव्हच्या तेलाचे डबे पाठवू का म्हणून विचारायला. खरं कारण ते नव्हतं हे पहिल्या मिनिटातच कळलं.

"ती वाचते हो तुझी पत्रं," काकू म्हणाल्या. "सुरीनं नीट फोडते आणि टेबलावरच्या मेणकापडाखाली सरकवते. मी विचारलं, काय लिहिलंय गं? तर म्हणाली, कपड्यांचं."

"आणखी काही म्हणाली?"

"म्हणाली, मिर्सिनी, तुझी कॉफी उतू चाललीय."

चार वर्षांपूर्वी टीव्हीवर नाटक बघून धावत तुझ्याकडे आल्या त्या काकूच. त्यांचा मला राग यायचा. आता वाटतं, त्यांनी सांगितलं नसतं तर मी कधी सांगितलं असतं का?

तू वाचतेस हे कळल्यावर हे पत्र लिहिणं अवघड झालं आहे. आधीची दोन भिंतीशी बोलल्यासारखी लिहिली होती.

एक गोष्ट तपासायला घेतली आणि तिनं माझी झोप उडवली आहे. पुस्तिकेत मी लिहिलं होतं की शोकात वस्त्र उलटं घालण्याची रीत 'आमच्या आजीच्या गावी होती'. माझ्या जुन्या टिपणांत बघितलं तर त्याला आधार दोनच. एक, एका जुन्या प्रवासवर्णनातली ओळ, तीही भलत्याच प्रांतातली. दुसरा, माझी आठवण. आजी अंजिराखाली बसली आहे, तिचा तपकिरी घागरा उलटा आहे, आणि ती मेलेल्या भावंडांबद्दल बोलते आहे. मी आठ वर्षांची असेन. त्या दोन गोष्टी मी जोडल्या. विद्यार्थ्यानं माझ्यासमोर असं काही लिहून आणलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

तू चौदा वर्षांची होतीस. तुला जास्त आठवत असेल. आजी असं खरंच म्हणाली होती का?

आन्थी


अथेन्स, ११ जून

ताई,

परवा तू फोन केलास. स्ट्रातिसच्या वर्षदिनी, चर्चमधून आल्यावर, उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटून झाल्यावर. तासभर बोललीस आणि मी बहुतेक ऐकलं. आज जे ऐकलं ते सगळं लिहून तुलाच पाठवते आहे. विचित्र वाटेल. पण एकदा तुझ्याकडे बघून मी मनानेच अर्थ लावला आणि तो छापला. या वेळी माझं ऐकणं तू तपासावंस. चुकलं असेल तिथं खूण कर.

तू म्हणालीस, "आन्थी, जवळ खुर्ची आहे? बस मग."

मी बसले.

"आजी घागरा उलटा घालायची तो एक बाजू उन्हानं विटली म्हणून. दोन वर्षं एका बाजूनं, दोन वर्षं दुसऱ्या. चिक्कू होती आजी. रीत कसली डोंबलाची?"

मी म्हटलं, "मग तू?"

मागे तुझा फ्रीज घरघरत होता. मग म्हणालीस, "त्या दिवशी सकाळी मी चेरींचा पाक करत होते. पातेलं भरून. हा झोपेतून उठून आला, चमचा बुडवला नि माझ्या खांद्यावरून वाकून चाखायला लागला. एकोणीस वर्षांचा घोडा, पण बशी घ्यायची अक्कल नाही. चमचा हलला, सगळा पाक माझ्या छातीवर. मी ओरडले, गाढवा, झगा नवा आहे. तर म्हणतो, मग धू की, आई. आणि हसत गाडीला किक मारली."

पुढचं तू सांगितलं नाहीस. ते मला माहीत आहे. ऑलिव्हच्या बागांमधलं वळण, आणि अकराच्या सुमारास दारात आलेला पाद्री.

"रात्रभर मी तोच झगा घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी बायका काळं घेऊन आल्या. काढ म्हणाल्या, आम्ही भिजत घालतो. मिर्सिनीच्या हातात साबण होताच, तिचा काय दोष, ती कुणाचंही धुते. मी आत गेले, झगा उलटा केला नि परत घातला. डाग आत. अंगाला लागून. आता ओढा म्हटलं किती ओढायचा तो."

तूच पुढे म्हणालीस, "मग तू आजीचं नाव घेतलंस. मला बरं वाटलं, खोटं का सांगू. रीत म्हटल्यावर कुणी काढायला सांगत नाही. मनात म्हटलं, माझी बहीण शिकलेली आहे, तिला बरोबर वेळेला बरोबर खोटं सुचलं."

"मला ते खरं वाटत होतं, ताई."

"ते मला पुस्तिका बघितल्यावर कळलं."

आणि मग ते, जे मी चार वर्षांत एकदाही मनात आणलं नव्हतं. मी धरून चालले होते की तुझं दुःख मी चव्हाट्यावर मांडलं म्हणून तू रागावलीस. ते तू एका वाक्यात उडवून लावलंस. "नाटकात रडणाऱ्या बायका असायच्याच, त्यात काय." राग दुसराच होता. पुस्तिका गावात पोचली. शाळेतली मास्तरीण पाचवीच्या मुलांना घेऊन तुझ्या अंगणात आली, रीत समजावून सांगा म्हणून. कुणीतरी विचारलं, किती दिवस उलटं घालायचं असतं? चाळीस की वर्षभर? आणि दोन वर्षांपूर्वी ब्रेड भाजणाऱ्या इग्नातिसची बायको, तिची मुलगी गेल्यावर तुझ्याकडे आली, आणि म्हणाली, "स्तामाता, मला नीट घालून दे. माझं चुकायला नको."

"मी तिला घालून दिलं," तू म्हणालीस. "काय करणार होते? तिला सांगू, की हे खोटं आहे? घालून दिलं, गुंड्या लावल्या. घरी येऊन तुला इतक्या शिव्या दिल्या, की भिंतीवरच्या संतांनी मान फिरवली असेल."

ताई, त्या पाचवीच्या मुलांना तू काय सांगितलंस ते मी विचारलं नाही. विचारण्याचा धीर झाला नाही.

तुझा निकाल मी असा ऐकला: वस्त्र उलटंच राहू दे. "तुझी राणी मी बघितली होती, मिर्सिनीच्या टीव्हीवर, शेवटपर्यंत. बरी होती. पण आजीला त्यातून काढ. तू छापून घातलीस, आता छापून काढ. माझं नाव नको. डागाचं तर अक्षर नको."

आणि अखेर, फोन ठेवता ठेवता, वहीतलं चित्र जाळू नको, पाठव, असं म्हणालीस. "मला त्या दिवसाचं काही आठवत नाही. कोण आलं, कोण नाही. कशी दिसत होते विचारलं तर सगळे म्हणतात, धीराची. तू तरी नीट बघितलंस."

ते सोबत पाठवते आहे. मूळच. माझ्याकडे प्रत ठेवलेली नाही. ठेवावी का यावर सकाळ घालवली, हेही सांगून टाकते.

विणकराला काल निरोप दिला. धागे लांब सोडायला सांगितलं आहे.

आन्थी


अथेन्स, १९ जुलै

ताई,

तू माझ्या पत्रावर दोन खुणा करून ते परत पाठवलंस. पाद्री अकराला नाही, साडेदहाला आला. आणि आजी चिक्कू नव्हती, 'जपून वापरणारी' होती, तू रागात म्हणालीस. दोन्ही दुरुस्त केलं. बाकी सगळं तसंच आहे म्हणजे बरोबर ऐकलं, असं धरते.

पुस्तिकेचं पान लिहायला मला सतरा दिवस लागले. पहिल्या मसुद्यात मी लिहिलं की 'नव्या संशोधनाच्या प्रकाशात' वगैरे. दुसऱ्यात लोकरिती कशा बनतात यावर दीड पान होतं. चांगलं होतं ते, म्हणूनच वाईट होतं. मेल्पोबाईंना वाचून दाखवलं. त्या तोंडात टाचण्या धरून ऐकत होत्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "पोरी, चुकलं म्हणायला दोन शब्द पुरतात. तू पान भरते आहेस. म्हणजे अजून म्हणायचं नाही तुला."

छापायला दिलं ते असं:

'चार वर्षांपूर्वी या पुस्तिकेत मी लिहिलं होतं, की शोकात वस्त्र उलटं घालण्याची रीत माझ्या आजीच्या गावी होती. तशी रीत नव्हती. मी नीट न विचारता लिहिलं. ज्यांनी ते खरं मानून त्याप्रमाणे केलं, त्यांनी केलं ते खोटं नाही. माझं लिहिणं खोटं होतं. राणीचं वस्त्र याही वेळी उलटं आहे. त्याचं कारण सांगण्याचा हक्क माझा नाही.'

चौथं वाक्य इग्नातिसच्या बायकोसाठी आहे. तू नको म्हणशील अशी शंका आली, पण ते काढवेना.

दिग्दर्शक म्हणाले, "आता प्रेक्षकांना वाटेल आमच्याच चुकीनं उलटं झालंय." मी म्हटलं, वाटू दे. मला काढून टाकायला आता उशीर झाला आहे, कपडे शिवून झालेत. त्यामुळे त्यांनी नुसता उसासा टाकला. विद्यापीठाला मी स्वतःच कळवलं. शरदातलं व्याख्यान त्यांनी 'तूर्त पुढे ढकललं' आहे. दोन जणांनी आपल्या प्रबंधांत माझं ते पान आधार म्हणून दिलं होतं. त्यांनाही लिहिलं. एकानं उत्तर पाठवलं: 'आता मी काय करू?' वाईट वाटतं, पण सगळं प्रबंधासाठी नाही. थोडं माझ्या नावासाठी आहे. ते मोजून वेगळं काढता येत नाही.

काल रालूबाईंना वस्त्र घालून बघितलं. राणी त्या करतात. त्रेसष्ट वर्षांच्या, आवाज घोगरा, आणि माझ्या शिवणकामावर कायम टीका. खांद्यावरच्या दोन मोठ्या टाचण्यांवर ते सगळं लोकरी ओझं लटकतं. जुन्या काळी शिवण नव्हतीच, त्यामुळे उलट्याची खूण म्हणजे फक्त विणीची पाठ. त्या आरशात बघत होत्या.

"मागच्या नटीला तुम्ही सांगितलं होतं, ही शोकाची रीत आहे. ती मग सगळ्या सुटलेल्या दशा लोकांना दाखवत फिरायची. मला आता काय सांगता?"

"कारण सांगता येणार नाही, रालूबाई."

"कारण कोण मागतंय? इतक्या वर्षांत दिग्दर्शकांनी मला इतकी कारणं दिलीत की त्यांची चटई विणता येईल. मला एवढंच सांगा, बाईला काही दाखवायचंय की झाकायचंय?"

मी विचार केला. एक शब्द सांगणं म्हणजे तुझं गुपित सांगणं होतं का? तुझं नाव नाही, डाग नाही. मी म्हटलं, "झाकायचंय."

त्या फिरल्या आणि दारातून पुन्हा चालत आल्या. मागच्या नटीसारखे हात पसरलेले नव्हते. एक हात दुमडून छातीवर होता, अंग किंचित पुढे झुकलेलं, थंडी वाजणाऱ्या बाईसारखं. दोन पावलं चालल्या आणि मेल्पोबाईंनी टाचण्यांची डबी खाली ठेवली.

तो एक शब्द सांगायला नको होता असं वाटत असेल, तर लिही. मी ऐकून घेईन, पण परत घेता येणार नाही.

प्रयोग सोळा आणि सतरा ऑगस्टला आहेत. ये असं म्हणत नाही. बोटीचा प्रवास, ऊन, दगडाच्या पायऱ्या. फक्त तारखा लिहिते आहे.

आन्थी


लिगुरियो, १८ ऑगस्ट

ताई,

तुझी बस सकाळी सुटली आणि मी खोलीवर येऊन लिहायला बसले. तू अजून पिरेउसच्या बंदरालाही पोचली नसशील. दोन दिवस समोरासमोर होतो तर आपण काय बोललो? तुझ्या गुडघ्याबद्दल, बोटीवरच्या महागड्या चीजपावाबद्दल, आणि माझे केस किती पांढरे झालेत याबद्दल. पत्राची सवय लागली आहे. तोंडानं यायला वेळ लागेल.

काल रात्री काय झालं ते मला लिहून ठेवायचं आहे. तू तिथं होतीस, पण कनातीच्या बाहेर मी उभी आहे हे तुला माहीत नव्हतं.

परवाचा प्रयोग तू कुठं बसून बघितलास मला कळलंच नाही. संपल्यावर गर्दी उतरत असताना एकदम समोर आलीस, काळा स्कार्फ, हातात पिशवी, आणि म्हणालीस, "वर फार वारा आहे. शाल आणायला सांगायचं होतंस." चार वर्षांनी समोरासमोर पहिलं वाक्य. काल मात्र प्रयोगाला बसणार नाही म्हणालीस. एकदा बघितलं, पुरे. मग प्रयोग संपल्यावर तू कुठं गेलीस म्हणून मी शोधत कपड्यांच्या कनातीपाशी आले तर आतून मेल्पोबाईंचा आवाज.

"अहो बाई, कुणाच्या का असेना, उभ्याच आहात तर हे टोक धरा. माझ्या हातांना आता एवढं वजन पेलत नाही."

त्यांना तू कोण हे माहीत नव्हतं. मी फटीतून बघितलं. रालूबाई नुकत्याच वस्त्र उतरवून गेल्या होत्या. तू एक टोक धरलंस, बाईंनी दुसरं. चादरीची घडी घालतात तसं जवळ आलात, लांब गेलात.

"लोकर चांगली आहे," तू म्हणालीस.

"चांगलीच आहे. पण आमच्या पोरीनं उलटी विणून घेतलीय. जन्मभर मी दशा लपवल्या आणि म्हातारपणी दाखवायला लावते."

"वेडीच आहे ती."

"वेडी आहे, पण मनाची खोटी नाही. तुम्ही ओळखता तिला?"

"लहानपणापासून," तू म्हणालीस.

मग बाई टाचण्या मोजायला वळल्या आणि वस्त्र तुझ्या एकटीच्या हातात राहिलं. तू ते टेबलावर पसरलंस. दोन्ही हात आत घातलेस, कोपरे पकडलेस, आणि एका झटक्यात सगळं सुलटं केलंस. धुऊन आलेलं कुठलंही कापड आपण करतो तसं. नक्षी वर आली. ती कुणी बघितलेलीच नव्हती. दोन्ही रात्री ती राणीच्या अंगाकडे होती. लाल आणि निळ्या पानांची वेल. तू तळव्यानं ती सपाट केलीस आणि घडी घालायला घेतलीस.

मेल्पोबाईंनी वळून बघितलं. "अहो, अहो, उलटीच ठेवा. मंगळवारी पुढचा प्रयोग आहे, ती तशीच घालायचीय."

तू घडी थांबवली नाहीस. "मंगळवारी करा की उलटी. तोवर तरी सुलटी राहू दे तिला."

बाई तुझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता काही बोलतील. त्या कुणाला सोडत नाहीत. त्यांनी पेटीवरचं सामान बाजूला केलं आणि तुझ्यासाठी जागा केली.

मी आत आले नाही. येऊन मिठी मारावीशी वाटली, पण मारली असती तर त्यातही मी काहीतरी बघत राहिले असते. म्हणून बाहेरच थांबले आणि तू आलीस तेव्हा म्हटलं, "चल, भूक लागली असेल." तू म्हणालीस, "तुझी ती म्हातारी फार बोलते."

आज सकाळी ट्रक भरताना मी ती पेटी उघडून बघितली. घडी तशीच होती. मेल्पोबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आता दौरा संपेपर्यंत ती रोज रात्री सुलटीच ठेवायची, आणि प्रयोगाआधी उलटी करायचं काम माझं.

आन्थी